पेरूची बाग, औटकी आणि आमचे रविवार

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. (आत्या, ओरडू नकोस, खरंच वेळ मिळत नव्हता.)

तर झालं असं की दिवाळीच्या आधी माळा आवरायला काढला आणि एका खोक्यात लेकीची तिसरीची वही सापडली. २०२०-२१ सालची. म्हणजे जी तिसरी तिने एकही दिवस वर्गात पाऊल न ठेवता, आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून पूर्ण केली, ती. बाईंनी 'माझा आवडता दिवस' असा निबंध लिहायला सांगितला होता. कन्यारत्नाने लिहिलंय, 'माझा आवडता दिवस रविवार. रविवारी आम्ही डबा घेऊन रेंज नसलेल्या ठिकाणी जातो. आजोबा पुढे बसतात. मला कोरोनाचं वर्ष खूप आवडलं.'

मी शिडीवरच बसले. त्याच वर्षाच्या शेवटी, २०२१च्या एप्रिलात, बाबा गेले.

राग आला म्हणावं तर तसंही नाही. आठ वर्षांच्या पोरीने जे वाटलं ते लिहिलं. पण ते वाक्य मी आधी कुठेतरी ऐकलंय असं सारखं वाटत राहिलं आणि रात्री भांडी लावताना आठवलं. मोठी आई. बाबांची आजी, माझी पणजी. ती १९८९ साली गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ती प्लेगाबद्दल अगदी असंच बोलायची.

"प्लेगात काय मज्जा होती गो!" असं ती म्हणायची. तेव्हा ती सात वर्षांची असेल. साल विचारलं तर 'राजाचा दिल्लीत दरबार भरला ते' एवढंच सांगायची. म्हणजे १९११. गावात उंदीर पडायला लागले आणि यांच्या वाड्याला कुलूप लागलं. बैलगाडीत भांडी, वळकट्या, जातं (जातंसुद्धा!) घालून सगळं बिऱ्हाड लकडी पुलावरून एरंडवण्याच्या शेतात. तिथे पेरूची बाग. बागेच्या कडेला बांबूच्या तट्ट्यांची, वर गवत शाकारलेली झोपडी. तीन दगडांची चूल. रात्री दिवा विझवला की कोल्हे ओरडायचे. शाळा बंद, पेरू फुकट. सात वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं?

शाळा बंद म्हणजे अभ्यास बंद असं मात्र नाही. तिचे वडील दिवसा गावात कचेरीत जायचे, अंधार पडायच्या आत परत यायचे आणि आल्यावर झोपडीपुढे पोरांना ओळीने बसवून पाढे म्हणून घ्यायचे. साधे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. अपूर्णांकांचे पाढे हो. रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हा बाजारात पावलोपावली लागायचे ते. मोठी आई अभिमानाने सांगायची की म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेत तिच्या वर्गातल्या कुणालाच औटकी येत नव्हती, ती तिला झोपडीने शिकवली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... वयाच्या ऐंशीव्या वर्षीही ती डोळे मिटून घडाघडा म्हणायची.

आम्ही कोथरूडला राहतो. एरंडवणं आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आणि ती पेरूची बाग आज नेमकी कुठल्या सोसायटीच्या पार्किंगखाली आहे देव जाणे. म्हणजे जिथे मोकळी हवा म्हणून माझी पणजी राहायला आली, तिथूनच मोकळ्या हवेसाठी आम्हाला दर रविवारी बाहेर पळावं लागत होतं. ही गंमत तेव्हा आमच्यापैकी फक्त बाबांच्या लक्षात आली होती.

आता थोडा इतिहास. रँड आणि चापेकर आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहेत, त्यामुळे तो भाग झरझर सांगते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगास या गोव्याकडच्या डॉक्टरांनी. काही महिन्यांत तो पुण्यात. फेब्रुवारी १८९७मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. (तोच कायदा महाराष्ट्रात मार्च २०२०मध्ये पुन्हा लावला, १२३ वर्षांनी!) प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून रँड आला, गोरे सोल्जर घराघरांत शिरले, आजारी माणसांना इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेऊ लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते सांगायला नको.

पण या गोष्टीच्या बाजूला दुसरी एक गोष्ट चालू होती आणि ती पाठ्यपुस्तकात फारशी येत नाही. लोक आपण होऊन घरं सोडत होते. रँड गेला, सोल्जर गेले, तरी प्लेग काही गेला नाही. पुढची वीसेक वर्षं तो येत-जात राहिला. कडक उन्हाळ्यात ओसरायचा, पुन्हा डोकं वर काढायचा. १९१८पर्यंत देशभरात त्याने एक कोटीहून जास्त माणसं नेली. या वीस वर्षांत घर सोडून रानात जाणं ही गावोगावची रीतच होऊन गेली. 'प्लेगच्या झोपड्या' हा शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात 'दिवाळीची सुट्टी' म्हणावं इतक्या सहज यायचा.

यातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे लोकांचं अनुमान बरोबर होतं आणि सरकारचं बरंचसं चूक. डॉक्टरांना जंतू ठाऊक होता (येर्सांने तो १८९४मध्येच हाँगकाँगला शोधला होता), पण तो माणसात शिरतो कसा ते कळत नव्हतं. म्हणून मग घरांवरची कौलं काढून ऊन आत सोड, जमिनी उकर, चुन्याने भिंती सारव, कपडे-अंथरुणं जाळ, असले उपाय. आणि इकडे साध्या बायाबापड्यांचा एकच नियम होता, उंदीर पडला की घर सोडायचं. म्हणजे घरात मेलेला उंदीर दिसला की विचारत बसायचं नाही, निघायचं. १८९८मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरच्या पिसवा हा रोग पसरवतात. उंदीर मेला की पिसवा उपाशी पडतात आणि माणसाकडे वळतात. सुरुवातीला त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. पुढे मुंबईत प्लेग कमिशनने वर्षानुवर्षं उंदीर आणि पिसवा तपासून तेच सिद्ध केलं. मोठ्या आईच्या वडिलांना पिसवांचं काही माहीत असेल-नसेल. पण कौलं काढलेल्या घरापेक्षा तट्ट्यांची झोपडी बरी, हे त्यांना कळलं होतं.

आपण तरी वेगळं काय केलं? २०२०च्या उन्हाळ्यात मी दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होते. वर्तमानपत्र (येत होतं तेव्हा) दोन दिवस बाल्कनीत वाळत घालत होते. भाजी सोड्याच्या पाण्यात. हा रोग मुख्यतः बंद खोलीतल्या हवेतून पसरतो आणि उघड्यावर धोका बराच कमी, हे नीट कळायला वेळ लागला. प्लेगात रानात जाऊन लोक वाचले ते पिसवांपासून दूर गेले म्हणून, आणि आपण वाचलो असू तर वाऱ्यामुळे. कारणं वेगळी, उपाय एकच, घराबाहेर पडा. फक्त आपल्याला सांगितलं गेलं होतं ते नेमकं उलट, घरात बसा. (तेही एका अर्थी बरोबर होतं, मला वाद घालायचा नाही.)

असो. आमचे रविवार सुरू झाले ते सप्टेंबर २०२०मध्ये. त्या महिन्याच्या सुरुवातीला ई-पासची भानगड संपली होती. लेक सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपासून मोबाईलसमोर. "बाई, आवाज येत नाहीये", "बेटा, म्यूट कर", "कुणाच्या घरी कुकर लागलाय?" हे दिवसभर कानावर. धाकटा चार वर्षांचा, त्याला तर 'शाळा' म्हणजे चौकटी-चौकटीतली डोकी असतात असंच वाटत होतं. लेक हळूहळू बोलेनाशी झाली. प्रश्न विचारला की आधी दोन सेकंद थांबायची, जणू नेट येण्याची वाट बघतेय. नवरा म्हणाला, हिला उन्हात काढायला हवी.

नियम ठरला. देऊळ नाही, हॉटेल नाही, धबधबा नाही, म्हणजे जिथे गर्दी जाईल तिथे आपण नाही. डबा घरचा, पाणी घरचं, गाडीच्या काचा खाली. आई यायला तयार नव्हती, बाबा मात्र पहिल्या दिवसापासून टोपी घालून तयार. पासष्टीच्या पुढच्यांनी घरीच थांबावं असा सल्ला होता आणि बाबा शहात्तर वर्षांचे. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "उंदीर पडलाय गं, घर सोडायला हवं." मोठ्या आईची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, हसलो आणि नेलं.

पाबे घाटात गेलो. खाली वेल्ह्याकडची भातखाचरं, समोर तोरणा, रस्त्याच्या कडेला सोनकी फुललेली. डोंगरात एक टपरी उघडी होती पण नियम म्हणजे नियम, चहा थर्मासमधलाच. तिथे बाबांनी नातीला औटकी शिकवायला घेतली. ती म्हणाली, "पण आम्हाला हे नाहीये." बाबा म्हणाले, "म्हणूनच."

एकदा बाबांच्या हट्टाखातर मुंढव्याहून हडपसरला गेलो. सहल म्हणावी असं त्या रस्त्यावर आज काहीच नाही. उंच इमारती, मॉल, सिग्नल. पण १८९७मध्ये हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात सावित्रीबाईंच्या मुलाने, डॉ. यशवंतने, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. तोही गावाबाहेर, मोकळ्या माळावर. मुंढव्यातला पांडुरंग गायकवाड नावाचा मुलगा आजारी आहे असं कळल्यावर सावित्रीबाई गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन मळ्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. साठी पार केलेली बाई. बाबांनी नातीला गणित घातलं, अंतर चार-पाच किलोमीटर धर, पाठीवर मूल आहे, वय एवढं, किती वेळ लागेल? तिने बराच विचार करून विचारलं, "मध्ये बसायला जागा होती का?" त्यावर बाबांकडे उत्तर नव्हतं.

घराजवळचं हिंगणं तर आम्ही चालतच गाठलं. कर्व्यांनी १८९६मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम आधी पुण्यात होता. १९००मध्ये गावात प्लेग आला आणि आश्रम हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले होते, त्यातून तिथे झोपडी उभी राहिली. तेव्हा तो सगळा माळ. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि काम संपलं की तिथवर चालत जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. आज ज्याला आपण एवढी मोठी संस्था म्हणून ओळखतो ती वाढली त्या माळावरच्या झोपडीतून! आम्ही गेलो तेव्हा फाटक बंद होतं, साहजिकच. फुटपाथवर उभं राहून बाबांनी सगळं सांगितलं आणि धाकट्याने विचारलं, "झोपडीत वायफाय होतं?"

एक गोष्ट लिहायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार गोड होईल. प्लेगात रानात जायला रान असावं लागायचं. कुणाची तरी बाग, ओळखीचं शेत, बांबू-तट्ट्यांना पैसे, बैलगाडी, कचेरीतली कायम नोकरी. ज्यांचं पोट रोजच्या मजुरीवर होतं ते कुठे जाणार? ते उंदरांसकट गावात राहिले, नाहीतर सरकारी छावणीत गेले. म्हणजे घर सोडणं तेच, पण स्वतः सोडणं वेगळं आणि सोल्जरने बाहेर काढणं वेगळं. आणि आमच्याकडे गाडी होती, पेट्रोलचे पैसे होते, घरून काम होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ८ तारखेला पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडलं. तीही घराबाहेर पडलेलीच माणसं होती. लेकीच्या वहीतल्या 'आवडलेल्या वर्षात' हेही होतं आणि मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही. टीव्ही बंद करत होते.

आमचा शेवटचा रविवार १४ मार्च २०२१चा. दिवे घाटाखाली वडकीला मस्तानी तलाव आहे, तिथे गेलो. त्या घाटातून दर आषाढात माउलींची पालखी सासवडला चढते. २०२०मध्ये मात्र चढली नव्हती. ३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. बाबा ते सांगत होते. पाणी कमी होतं, ऊन चढलं होतं. उकडलेल्या शेंगा खाल्ल्या, पोरं काठावर दगड मारत बसली. बाबांचा लसीचा पहिला डोस त्याच आठवड्यात झाला होता, त्यामुळे आम्ही जरा निर्धास्तच होतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांना ताप आला. मग ते फोन, त्या याद्या, बेड, ऑक्सिजन. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही.

रविवारांमुळे झालं का? तारखा मोजल्या तर नाही. मध्ये तीन आठवडे होते आणि तेव्हा ते आमच्या गाडीत नव्हते. डॉक्टरांनीही नाही म्हटलं. तरी मी मोजते. अजून.

ही वही सापडल्यावर मी आत्याला फोन केला. मोठ्या आईची गोष्ट तिच्या तोंडून पुन्हा ऐकावी म्हणून. पेरू, कोल्हे, औटकी सगळं तिने तसंच सांगितलं. मग म्हणाली, "आणि धाकट्याचं तुला माहितीये ना?" मला माहीत नव्हतं. गाडीतून चार भावंडं एरंडवण्याला गेली होती. परतली तीन. सर्वांत धाकटा तीन वर्षांचा होता. गाठ नव्हती म्हणे, नुसता ताप, पण झोपडीतच गेला. मोठ्या आईने हे सांगितलं ते फक्त एकदा, आत्याला, आत्याचं पहिलं बाळंतपण झाल्यावर. बाबांना ठाऊक होतं की नाही हे आत्यालाही नक्की सांगता आलं नाही. मी विचारलं, मग ती मज्जा मज्जा का म्हणायची? आत्या म्हणाली, "अगं, मज्जा होतीच ना. दोन्ही होतं."

लेक आता आठवीत आहे. काल तिला वही दाखवली. स्वतःचं अक्षर बघून खूप हसली. औटकी अजून येते का विचारलं तर अठ्ठावीसपर्यंत म्हणून अडकली. मग मी जरा बिचकतच विचारलं, मस्तानी तलाव आठवतो का.

"हो, शेंगा," ती म्हणाली. वहीची पानं उलटत राहिली आणि मान वर न करता म्हणाली, "आजोबा त्या दिवशी गाडीतून उतरलेच नव्हते. मी शेंगा काचेतून दिल्या होत्या. तू काठावर दादूला धरून उभी होतीस, तुझं लक्ष नव्हतं."